किडनीच्या कुत्र्याचं खाणं आणि सप्लिमेंट: आधी काय, मग काय

आमचा वाघ्या गावठी कुत्रा, वय ९, वजन १८ किलो, किडनीचा पेशंट. दीड वर्ष झालं त्याचं सगळं घरीच करतोय, त्यामुळं लातूर, परभणी, बीड असं कुठून कुठून लोक फोन करतात, आणि दहातले नऊ जण बाटलीचा फोटो पाठवून एकच विचारतात, "हे टॉनिक देऊ का?" रिपोर्ट कुठाय म्हटलं की नाही, कुत्रा काय खातोय म्हटलं की "घरचंच, आम्ही खातो ते", आणि सप्लिमेंट मात्र चार चालू. म्हणजे शेवटची पायरी पहिली. म्हणून क्रमानं लिहून काढतोय.

हे फक्त किडनीच्या जुन्या आजाराबद्दल आहे. लिव्हर, शुगर, स्वादुपिंड यांचं पथ्य वेगळं असतंय, ते यात मिसळू नका. आणि मी डॉक्टर नाही. औषधाचं माप तुमच्या कुत्र्याला बघितलेल्या डॉक्टरांकडूनच घ्यायचं.

## १. रिपोर्ट आधी, तोही पूर्ण

नुसतं "किडनी खराब आहे" एवढ्यावर पथ्य ठरत नाही. क्रिएटिनिन आणि युरिया (किडनी गाळून बाहेर टाकते तो रक्तातला कचरा), फॉस्फरस, कॅल्शियम, सोडियम-पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट, लघवीची साधी तपासणी, लघवीतून प्रोटीन किती जातंय त्याची यूपीसी, आणि जमलं तर बीपी, एवढं लागतं. आपल्याकडं गोचीड लई, आणि गोचीडतापानं किडनी धरलेली कुत्री बरीच निघतात, म्हणून ती टेस्ट पण करून घ्या, कारण मूळ तसंच राहिलं तर पथ्यानं काही होत नाही. जवळ सोय नसेल तर परभणीला आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथले दवाखाने आहेत.

क्रिएटिनिनवरून स्टेज ठरते. १.४ ते २.८ म्हणजे दुसरी, २.९ ते ५.० तिसरी, ५ च्या वर चौथी. पण हा आकडा कुत्रा स्थिर असताना, अंगात पाणी नीट असताना काढलेला पाहिजे. उलट्या-जुलाबानं सुकलेल्या कुत्र्याचा आकडा फुगलेला येतो, आणि लोक तो बघून हाय खातात. याच्या उलट, म्हातारा होऊन मांस उतरलेल्या कुत्र्याचा आकडा आहे त्याहून बरा दिसतो.

इकडं लक्ष द्या: छोट्या गावात रक्त माणसांच्या लॅबला जातं आणि कागदावर शेजारी "नॉर्मल" म्हणून छापलेलं असतं ते माणसाचं. त्यावरून घाबरू पण नका आणि निर्धास्त पण होऊ नका, आकडा डॉक्टरांना दाखवा.

रक्त द्यायच्या आधी १० ते १२ तास उपाशी ठेवायचं, पाणी मात्र चालू. आम्ही एकदा पहाटे उठून निघालो, सगळं व्यवस्थित, आणि वाटेत चहाला थांबलो तिथं आमच्याच पोरानं त्याला चार बिस्किटं चारली. परत आलो.

## २. वही, काटा, चमचे

अन्न बदलायच्या आधी आठवडाभर नुसतं लिहा. रोज किती खाल्लं (ग्रॅममध्ये, "थोडं" असं नाही), पाणी किती प्यायला, उलटी झाली का आणि कधी, संडास कशी, लघवी किती वेळा. आठवड्यातून एकदा वजन.

वजनाचं लोक अवघड करून ठेवतात. छोटं कुत्रं असेल तर कडेवर घेऊन घरच्या काट्यावर उभं राहा, मग आपलं एकट्याचं वजा करा. मोठं असेल तर ओळखीच्या आडत दुकानात जा. आमचा वाघ्या दर रविवारी सकाळी सोयाबीनच्या काट्यावर चढतो, हमाल पोरं गंमतीनं भाव पुकारतात, पण काटा १०० ग्रॅमपर्यंत बरोबर दाखवतो आणि आपलं काम होतं. दर वेळी एकच काटा आणि एकच वेळ, खाण्याच्या आधी.

पाण्याचं असं, सकाळी मापून भांडं भरायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेलं मोजायचं. किलोमागं दिवसाला १०० मिलीच्या वर पाणी जात असेल तर ते जास्त आहे, १८ किलोच्या कुत्र्याला म्हणजे १.८ लिटर. जास्त पितोय म्हणून पाणी कमी करायचं नाही, त्यावर पुढं बोलूच.

स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि मापाचे चमचे घ्या. चहाचा चमचा हे माप नाही, प्रत्येक घरात त्याचा आकार वेगळा.

## ३. आधी काय बंद करायचं

नवीन काही द्यायच्या आधी जुनं काढा, निम्मा फरक इथंच पडतो. किडनी थकली की रक्तात फॉस्फरस साठतो आणि तो किडनीला अजून खराब करतो, म्हणून पथ्यात पहिला शत्रू फॉस्फरस. प्रोटीनला लोक उगाच पहिला नंबर देतात.

फॉस्फरस कुठून येतो, तर सगळ्यात जास्त हाडांतून. चिकनच्या दुकानातून पंजे, मुंड्या, मानेचे तुकडे आणून शिजवायचे आणि भाकरीत कालवून द्यायचे, आपल्याकडं निम्मी कुत्री यावर मोठी होतात. किडनीच्या कुत्र्याला हे पूर्ण बंद. हाडाचा रस्सा बंद. काळीज बंद, सुकट बंद, शेंगदाणे आणि तीळ बंद. अंड्याचा पिवळा बलक कमी किंवा बंद. दूध, पनीर, दही यात पण फॉस्फरस आहे, "दूध हलकं असतं" म्हणून वाटीवाटीनं देऊ नका.

भाकरीबद्दल सगळे विचारतात. ज्वारी-बाजरीत पांढऱ्या तांदळापेक्षा फॉस्फरस बराच जास्त, म्हणून रोजच्या जेवणाचा पाया तांदूळ. बोटाएवढा भाकरीचा तुकडा गोळी लपवायला चालतो, वाघ्याला तेवढा तरी लागतोच नाहीतर तोंड फिरवतो.

मीठ कमी. सैंधव असलं तरी ते मीठच. पापड, लोणच्याचा खार, फरसाण, बिस्किट, हे घरातल्या सगळ्यांना सांगून बंद करा, आणि "सगळ्यांना" म्हणजे आजीला वेगळं बसवून सांगा. आमच्या आईनं वर्षभर पथ्य पाळलं आणि येळवशीला (वेळ अमावस्येला) शेतात भज्जीची वाटी त्याच्यापुढं सरकवली, म्हणे सणाला मुक्या जनावराला उपाशी कसं ठेवायचं. भज्जीत लसूण, हरभरा, शेंगदाणा, मीठ, म्हणजे बंद केलेलं सगळं एका वाटीत. दोन दिवस उलट्या.

कांदा, लसूण, द्राक्षं, मनुके, चॉकलेट हे तर निरोगी कुत्र्याला पण विष. शुगर-फ्री सिरपमध्ये झायलिटॉल असू शकतं, ते कुत्र्याला घातक, लेबल वाचल्याशिवाय माणसाचं कुठलंच सिरप नको.

सगळ्यात मोठी वॉर्निंग: लंगडतोय, अंग दुखतंय म्हणून घरातली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, कॉम्बिफ्लाम देऊ नका. किडनीचा आजार असलेल्या कुत्र्याला एकेक गोळी महागात पडते.

तपासा: आठवडाभर बाहेरचं आणि वरचं सगळं बंद झालंय का? गल्लीतली माणसं टाकतात ते पण धरा. ते जमलं नसेल तर पुढच्या पायऱ्यांचा हिशोब चुकणार.

## ४. पोट शांत होईपर्यंत नवीन अन्न नाही

ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात. किडनीच्या कुत्र्याला मळमळ असते. वाटीजवळ जातो, हुंगतो, ओठ चाटतो, लाळ गिळतो आणि मागं फिरतो. आपण म्हणतो नखरे करतोय. अशा वेळी नवीन पथ्याचं अन्न पुढं ठेवलं की त्याच्या डोक्यात पक्कं बसतं, हे खाल्लं की मळमळतं, आणि मग बरा झाल्यावर पण तो त्या अन्नाला तोंड लावत नाही. महागडी रीनल डाएटची, म्हणजे किडनीच्या कुत्र्यासाठी तयार मिळणाऱ्या खाद्याची पिशवी अशीच वाया जाते आणि लोक म्हणतात कुत्र्याला आवडलंच नाही.

म्हणून आधी डॉक्टरांकडून उलटीचं आणि ॲसिडिटीचं औषध सुरू करा, गरज असेल तर सलाईन होऊ द्या. या दिवसांत तो जे ओळखतो तेच खाऊ दे, फक्त तिसऱ्या पायरीतलं बंद ठेवून. दोन-तीन दिवस स्वतःहून वाटी चाटून खाल्ली की मगच पुढं.

जबरदस्तीनं तोंडात कोंबायचं नाही. सिरिंजनं भरवायचं असेल तर कसं ते डॉक्टरांसमोर शिकून घ्या, नाहीतर श्वासनलिकेत जातं.

## ५. नवीन अन्न, हळूहळू

दोन रस्ते आहेत. एक, तयार रीनल डाएट. महाग आहे, गावात मिळत नाही, मागवावं लागतं, पण हिशोब बरोबर असतो. दोन, घरचं शिजवलेलं. परवडतं, आवडीनं खातो, पण घरच्या अन्नात कॅल्शियम, झिंक, आयोडीन, व्हिटॅमिन ई असलं बरंच काही कमी पडतं आणि ते वेगळं भरून काढावंच लागतं. निम्मं निम्मं पण चालतं, आम्ही पहिले चार महिने तसंच केलं.

घरचं करणार असाल तर अंदाज यावा म्हणून वाघ्याचं दिवसभराचं लिहितो. तिसरी स्टेज, १८ किलो, डॉक्टरांनी बसवून दिलेलं:

- कच्चा पांढरा तांदूळ १५० ग्रॅम, मऊ शिजवून
- ४ अंड्यांचा पांढरा भाग, उकडून
- बिनहाडाचं चिकन ५० ग्रॅम
- दुधी किंवा लाल भोपळा मूठभर
- तेल ३ चमचे (५ मिलीचा चमचा)
- मीठ, हळद, मसाला काही नाही

हे साधारण ८०० कॅलरीला बसतं. जशाच्या तसं उचलू नका, तुमच्या कुत्र्याचं वजन आणि स्टेज वेगळी आहे. यात खनिज-व्हिटॅमिनची भर धरलेली नाही, ती धरल्याशिवाय हे अन्न महिनोन्महिने चालवायचं नसतं.

अंड्याचा पांढरा भाग कामून? कारण त्यात चांगलं प्रोटीन आहे आणि फॉस्फरस जवळजवळ नाही, सगळा पिवळ्यात. पण कच्चा द्यायचा नाही, उकडूनच. चिकन भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी टाकून द्या, थोडा फॉस्फरस त्या पाण्यात उतरतो. इथं हमखास चूक होते, चिकन उकळून ते पाणी "ताकदीचं" म्हणून भातात ओततात. टाका ते, किंवा दुसऱ्या निरोगी कुत्र्याला द्या.

तेल बघून काही जण दचकतात. प्रोटीन आवरतं घेतल्यावर कॅलरी कुठून आणायची? भात आणि तेलातूनच. ती कमी पडली तर शरीर स्वतःचं मांस जाळतं, त्याचा कचरा परत किडनीवरच. फक्त आधी कधी स्वादुपिंडाला सूज आलेली असेल तर तेल डॉक्टरांना विचारून.

पांढरा भातच खाऊ घालायचा, प्रोटीन पूर्ण बंद, असं करणारे पण भेटतात. दोन महिन्यांत पाठीचा कणा वर येतो, डोक्यावर खळगे पडतात. प्रोटीन आवरायचं असतं, बंद करायचं नसतं.

बदलाचा वेग असा, पहिले ३ दिवस जुन्यात पाव भाग नवीन, मग निम्मं, मग पाऊण, मग पूर्ण. निरोगी कुत्र्याला ७ दिवस पुरतात, आजारी कुत्र्याला २ ते ४ आठवडे लागले तरी लागू द्या. दिवसातून दोनदा भरपेट देण्यापेक्षा तीन-चारदा थोडं थोडं, कोमट करून. उन्हाळ्यात सकाळी सहाला आणि रात्री नऊला जास्त वाढा, एप्रिल-मेमध्ये दुपारी कुणीच खात नाही, तो पण नाही.

तपासा: नवीन अन्न पूर्ण चालू झाल्यावर दोन आठवड्यांत वजन उतरलं का? उतरलं असेल तर पुढं जाऊ नका, आधी कॅलरी वाढवा. पथ्याचं अन्न न खाण्यापेक्षा साधं अन्न खाणं बरं, हे डॉक्टर पण सांगतील.

## ६. पाणी

या कुत्र्याला पाणी धरून ठेवता येत नाही, जेवढं जातं तेवढं प्यावं लागतं. रात्री घरात लघवी करतो म्हणून संध्याकाळनंतर भांडं उचलून ठेवणारे लोक मी बघितलेत. त्यापेक्षा पोतं टाका, रात्री अकराला एक चक्कर मारा. आपल्याकडं नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं ते ठीक, पण त्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. घरात दोन-तीन ठिकाणी भांडी, मातीची असली तर पाणी गार राहतं.

नारळपाणी सरसकट देऊ नका. त्यात पोटॅशियम भरपूर, आणि किडनीच्या कुत्र्याचं पोटॅशियम आधीच वर असू शकतं, बीपीच्या काही गोळ्यांनी ते अजून वाढतं. रिपोर्ट बघून विचारा.

## ७. आता सप्लिमेंट, एका वेळी एकच

इथवर यायला महिना लागतो. एक सुरू करायचं, ७ ते १० दिवस वहीत लिहायचं, मग दुसरं. तीन एकदम सुरू केली आणि जुलाब लागले तर कुणामुळं ते कसं कळणार?

फॉस्फरस बांधणारं औषध. अन्न बदलून पण फॉस्फरस वर राहिला तरच. दुसऱ्या स्टेजला ४.६ च्या खाली, तिसरीला ५ च्या खाली, चौथीला ६ च्या खाली ठेवायचा असं धरतात. हे औषध अन्नातला फॉस्फरस आतड्यातच धरतं, म्हणून ते अन्नात कालवूनच द्यायचं. रिकाम्या पोटी दिलं तर उपयोग नाही. त्या वेळी जेवलाच नाही तर तो डोस सोडा. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड सांगितलं की लोक मेडिकलमधून ॲसिडिटीचं साधं जेल आणतात, त्यात बऱ्याचदा मॅग्नेशियम पण असतं, ते या कुत्र्यात साठतं. नुसतं ॲल्युमिनियमवालंच आणा. आणि गोचीडतापाची डॉक्सिसायक्लिन चालू असेल तर दोन्हीत किमान २ तासांचं अंतर, नाहीतर हे औषध त्या गोळीला पण बांधून टाकतं.

कॅल्शियम. इथं माझीच चूक सांगतो. सुरुवातीला वाघ्या अशक्त दिसायला लागला म्हणून एका मेडिकलवाल्यानं कुत्र्याचं कॅल्शियम टॉनिक दिलं, मी तीन आठवडे इमानदारीत पाजलं. बाटली फिरवून मागं वाचलं तर कॅल्शियमसोबत फॉस्फरस आणि व्हिटॅमिन डी३. म्हणजे एका बाजूनं पंजे बंद केले आणि दुसऱ्या बाजूनं तेच चमच्यानं घातलं. पुढच्या रिपोर्टला फॉस्फरस ५.८ चा ७.१. कॅल्शियम द्यायचंच असेल तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे अंड्याची टरफलं धुऊन, उकळून, वाळवून मिक्सरला मैद्यासारखी बारीक केलेली पण चालतात. माप डॉक्टरांकडून आणि रक्तातलं कॅल्शियम बघूनच, ते वर गेलं तर वेगळी भानगड.

फिश ऑईल. यातलं ओमेगा ३ किडनीची सूज आणि लघवीतलं प्रोटीन कमी करायला मदत करतं. कॅप्सूलवर "१००० मिलीग्रॅम" लिहिलंय ते तेलाचं वजन, आपल्याला मागं बघायचं ईपीए किती आणि डीएचए किती, कामाचं ओमेगा ३ म्हणजे हीच दोन. साध्या कॅप्सूलमध्ये १८० आणि १२०, म्हणजे कामाचं ३०० च. वाघ्याला डॉक्टरांनी दिवसाला चार सांगितल्या, पण आम्ही एकीवर सुरू करून महिन्यात चारवर गेलो, एकदम दिल्या की संडास पातळ. कॉड लिव्हर ऑईल हे वेगळं, त्यात व्हिटॅमिन ए आणि डी असतं, ते नको.

बी कॉम्प्लेक्स. जास्त लघवीतून ही व्हिटॅमिनं वाहून जातात, त्यामुळं बहुतेक डॉक्टर देतात. इथं फारशी भानगड नाही, फक्त शुगर-फ्री नको.

लोह, पोटॅशियम, ताकदीच्या पावडरी हे रिपोर्टमध्ये कमी दिसल्याशिवाय नाही. गोखरू, पुनर्नवाचा काढा सांगणारे पण भेटतील, डॉक्टरांना न सांगता त्यात पडू नका, बाकीच्या औषधांशी त्याचं काय होतं ते कुणालाच धड सांगता येत नाही.

## ८. परत तपासणी, आणि कधी पळायचं

अन्न पूर्ण बदलल्यावर ४ आठवड्यांनी रक्त. फॉस्फरसचं औषध सुरू केलं किंवा डोस बदलला तर परत ४ आठवड्यांनी. सगळं स्थिर असेल तर तीन-तीन महिन्यांनी. वही सोबत न्या, डॉक्टर रिपोर्टएवढीच ती बघतात.

पुढच्या तारखेची वाट न बघता लगेच उचलून न्यायचं कधी: २४ तास काहीच खाल्लं नाही, पाणी प्यायलं की उलटतंय, लघवी बंद किंवा एकदम कमी झाली, तोंडाला घाण वास आणि जिभेवर फोड, संडास डांबरासारखी काळी, झटके आले, अचानक दिसेनासं झालं म्हणून भिंतीला धडकतोय. शेवटचं बीपीनं होतं, आणि लोक त्याला म्हातारपण म्हणून सोडून देतात.

गावाला जाताना कुत्रा शेजाऱ्याकडं ठेवणार असाल तर तोंडी काही सांगू नका. आम्ही प्रत्येक वेळचं अन्न वेगळ्या डब्यात भरतो, वर वार आणि वेळ, गोळ्या त्याच डब्याला चिकटपट्टीनं लावलेल्या, दोन दिवसांचे फ्रीजमध्ये आणि पुढचे वरच्या फ्रीजरमध्ये. दारावर एक कागद, त्यावर डॉक्टरांचा नंबर आणि खाली मोठ्या अक्षरात: डब्याशिवाय काही देऊ नये, बिस्किट पण नाही.